दिसतो तो घुमट आणि पेलतो तो शंकू

लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा जो घुमट फोटोत दिसतो, तो म्हणजे शिशाच्या पत्र्याने मढवलेला लाकडी सांगाडा आहे. त्याच्या डोक्यावर मात्र सुमारे ८५० टनांचा दगडी मनोरा. एवढं वजन लाकडावर?

नाही. १६६६च्या आगीत जुनं कॅथीड्रल गेलं. नवं बांधायचं काम आलं क्रिस्टोफर रेनकडे, जो मुळात खगोलशास्त्राचा प्राध्यापक. शहरभरातून दिसायचा तर घुमट उंच हवा. पण तेवढी उंची आतून बघताना भकास वाटली असती. म्हणून रेनने आत विटांचा ठेंगणा घुमट घातला, बाहेर उंच लाकडी कवच चढवलं आणि दोहोंच्या मध्ये, कुणालाच दिसणार नाही असा, जेमतेम १८ इंच जाडीचा विटांचा शंकू उभारला. मनोरा त्या शंकूवर आहे.

शंकूच का, हे रेनचा मित्र रॉबर्ट हूक याच्या एका विचारातून कळतं. साखळीची दोन टोकं धरून ती लोंबती सोडली की तिच्यात निव्वळ ताण असतो. तोच आकार उलटा केला की निव्वळ दाब उरतो, आणि वीट दाब सोसते, ताणाला तडकते. आता साखळीच्या मधोमध जड वजन अडकवून बघा: तिचा बाक जाऊन दोन्ही बाजू जवळजवळ सरळ होतात. ते उलटं केलं की झाला शंकू! त्याचा पाया बाहेर फाकू नये म्हणून, पिंपाला कडं ठोकतात तशी, भोवती लोखंडी साखळी आवळली आहे.

काही जाणकारांना ही लबाडी वाटते. बाहेरच्या भिंतींचा वरचा मजलाही नुसता पडदाच आहे, मागचे टेकू झाकणारा. मला विचाराल तर १६७५ ते १७१०, म्हणजे ३५ वर्षं चाललेल्या या कामातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच.

आतल्या घुमटाच्या तळाशी गोल सज्जा आहे. भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की पलीकडे, ३० मीटरहून अधिक अंतरावर, स्पष्ट ऐकू येतं. आवाज अंतर्गोल भिंतीला चिकटून सरकतो, असं भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी दाखवलं. १९२१मध्ये सी. व्ही. रामन यांनी एका सहकाऱ्यासह तिथे प्रयोग केले. भिंतीपासून आत येताना आवाज एकसारखा मंदावत नाही, आळीपाळीने चढतो-उतरतो, असं त्यांना आढळलं. पुढे रामन यांच्या या अभ्यासात विजापूरचा गोल घुमटही आला.