आयएसओ वाढवला की फोटो बिघडतो?

आयएसओ म्हणजे तेवढ्याच प्रकाशात फोटो किती उजळ येईल, हे ठरवणारं कॅमेऱ्यातलं सेटिंग. ‘आयएसओ १००च्या वर नेऊच नका, फोटोत दाणे (बारीक ठिपके) येतात’ हा सल्ला नवशिक्यांना सर्रास मिळतो. तो अर्धवट आहे आणि त्यापायी कितीतरी चांगले क्षण वाया जातात. दाणे मुळात अपुऱ्या प्रकाशामुळे येतात.

समजा, ट्यूबलाइटखाली आई पोळ्या लाटतेय. आयएसओ १००वर शटर १/४ सेकंद उघडं ठेवावं लागलं, तर लाटण्यावरचे हात पार पुसट होतात. १६००वर तेवढाच उजळ फोटो साधारण १/६० सेकंदात मिळतो, बोटांना लागलेलं पीठही दिसतं. थोडे दाणे येतील, ते नंतर कमी करता येतात. हललेला फोटो मात्र सहसा सुधारत नाही. आणि कमी आयएसओवर काळपट काढून मागाहून उजळवला, तरी दाणे येतातच. ट्रायपॉडवर स्थिर देखावा टिपताना १०० जरूर ठेवा.