मूठ डिंकाने बसत नाही

जुन्या सुऱ्या-कट्यारी दुरुस्त करणाऱ्यांत एक समज वर्षानुवर्षे फिरतोय: पूर्वी मुठी झाडाच्या डिंकाने बसवत, तेव्हा सैल मुठीत बाभळीचा डिंक ओता, झालं! असं करू नका. डिंक पाण्यात विरघळतो. एका पावसाळ्यात मूठ पुन्हा खुळखुळेल, आणि आत ओल धरून मुठीत बसलेला पात्याचा भाग गंजेल ते वेगळंच.

तलवारीच्या पोकळ धातूच्या मुठीत पात्याचा आखूड, चपटा भाग घट्ट बसतो तो मुख्यतः लाखेच्या मिश्रणाने. आणि लाख झाडाची नव्हेच. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर बसणाऱ्या बारीक किड्यांचा तो स्राव.

मुठी बसवायच्या मिश्रणांत झाडाची म्हणावी ती राळ. ती पाण्यात विरघळत नाही, उष्णतेने मऊ होते. पण नुसती राळ काचेसारखी ठिसूळ; एक दणका बसला की तडकते. म्हणून तिच्यात थोडं मेण आणि विटेची वस्त्रगाळ पूड किंवा राख घालतात. पूड पूर्ण कोरडी हवी, नाहीतर गरम राळ फेसाळून अंगावर उडते. राळ पेट घेते, म्हणून आच मंद.

ही जोडणी साधारण शंभर अंशांच्या आतच ढिली पडते, त्यामुळे पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, न उतरवता मूठ पुन्हा काढता येते. जुन्या वस्तूला इपॉक्सी या कृत्रिम गोंदापेक्षा ती बरी, ती याचसाठी. रोज गरम पाण्याने धुतल्या जाणाऱ्या स्वयंपाकघरातल्या सुरीला मात्र इपॉक्सीच लावा.