साक्ष-उपचार

साक्ष-उपचार : राजकीय छळ, युद्ध किंवा सामूहिक हिंसा यांतून वाचलेल्या व्यक्तीने आपला अनुभव प्रशिक्षित श्रोत्यापुढे क्रमवार सांगायचा, श्रोत्याने तो लिहून घ्यायचा आणि तयार झालेला लेख तिला वाचून दाखवून तिच्या स्वाधीन करायचा, अशी मानसोपचाराची पद्धती. ‘मन मोकळे कर, म्हणजे बरे वाटेल’ या घरोघरी मिळणाऱ्या सल्ल्याशी तिचे नाते असले, तरी विस्कटलेल्या आठवणींना काळ, स्थळ आणि क्रम मिळवून देणे हे तिचे खरे काम आहे.

चिलीत ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सत्ता बळकावल्यावर जनरल पिनोचेत यांच्या राजवटीत हजारोंना अटक झाली, अनेकांचा छळ झाला आणि कित्येक जण कायमचे बेपत्ता झाले. वाचलेल्यांच्या हकिगती आरंभी राजवटीविरुद्धचा पुरावा म्हणून नोंदवल्या जात. परंतु सांगणाऱ्याचा त्रासही त्यामुळे हलका होतो, असे तेथील मानसशास्त्रज्ञांच्या ध्यानात आले. त्यांच्यापैकी दोघींनी १९८३ मध्ये याविषयीचा लेख अमेरिकेतील एका नियतकालिकात प्रसिद्ध केला, तो टोपणनावांनी. कारण राजवट अजून तीच होती. पुढे डेन्मार्कमध्ये इंगर आगर आणि सोरेन बूस येन्सेन यांनी निर्वासितांसाठी ही पद्धती वापरली व साक्ष ही एकाच वेळी खाजगी निवेदन आणि सार्वजनिक पुरावा असते, या दुहेरीपणावर भर दिला.

जर्मनीतील कॉन्स्टान्झ विद्यापीठाच्या मॅगी शाउअर, फ्रँक नॉयनर आणि थॉमस एल्बर्ट यांनी साक्ष-उपचाराला भीतीदायक आठवणीला पुन्हापुन्हा सामोरे जाण्याच्या तंत्राची जोड दिली. त्यांच्या पद्धतीत आरंभी जमिनीवर एक दोरी पसरतात. ती म्हणजे त्या माणसाचे आयुष्य. जन्मापासून पुढे सरकत तो सुखाच्या प्रसंगांपाशी फुले आणि आघातांपाशी दगड ठेवतो. कोणता दगड मोठा नि कोणता लहान, हे त्यानेच ठरवायचे असते. दोरीचे उरलेले टोक गुंडाळूनच ठेवतात, कारण तो काळ अजून यायचा आहे. नंतरच्या बैठकांमध्ये एकेका दगडापाशी थांबून त्या वेळी काय दिसले, कोणता वास आला, अंगाला काय जाणवले, मनात काय आले हे सावकाश सांगितले जाते. हिंसेची आठवण बहुधा आवाज, वास, धडधड अशा तुकड्यांनी मनात राहते आणि ती कधीची, कुठची हे भान सुटल्यामुळे दार आपटले तरी माणूस पुन्हा त्याच रात्री जाऊन पोहोचतो. प्रत्येक तुकड्याला तारीख आणि जागा मिळाली, की ते घडून गेलेले ठरते. शेवटच्या बैठकीत सगळे निवेदन वाचून दाखवतात आणि त्यावर सांगणारा, उपचारक व असल्यास दुभाषी सह्या करतात.

युगांडातील एका छावणीत ४३ सुदानी निर्वासितांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कॉन्स्टान्झच्या या उपचाराच्या चार बैठका घेतलेल्यांपैकी २९ टक्के लोकांत वर्षभरानंतर आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे आघाताच्या आठवणी वारंवार उसळून येण्याचा त्रास, शिल्लक होता. साध्या समुपदेशनाच्या गटात हेच प्रमाण ७९ टक्के होते. गट लहान असले, तरी हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. भारतात वाराणसीच्या मानवाधिकार जननिगरानी समितीने डॅनिश तज्ज्ञांच्या साहाय्याने उत्तर प्रदेशात पोलिसी छळाच्या बळींसाठी चार बैठकांची पद्धत आखली. तीत गावकऱ्यांसमोर सन्मान-समारंभ करून साक्षपत्र वाचले जाते व त्या व्यक्तीला अर्पण केले जाते. ज्या वस्तीसमोर मानहानी झाली, तिच्यासमोरच मान परत मिळावा, हा त्यामागचा विचार उपचारशास्त्राइतकाच सामाजिक शहाणपणाचा आहे.

बोलणे नेहमीच गुणकारी ठरते, असे मात्र नाही. दुर्घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सर्वांना अनुभव सांगायला लावण्याची रीत १९८० नंतर पाश्चात्त्य देशांत रूढ झाली होती. पुढील परीक्षणांत तिने विकार टळत नाही, उलट काहींचा त्रास वाढू शकतो, असे दिसून आल्याने जागतिक आरोग्य संघटना आता तिची शिफारस करीत नाही. सुरुवातीच्या दिवसांत सुरक्षितता, निवारा, आप्तांशी संपर्क आणि सांगू इच्छिणाऱ्याचे ऐकून घेणे एवढेच पुरे मानले जाते. वर्णभेदी राजवटीच्या काळातील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि समेट आयोगापुढे सुमारे २१,००० बळींची निवेदने आली, त्यांपैकी थोड्यांनाच जाहीर सुनावणीत बोलता आले; परंतु जाहीर साक्ष देणारे आणि न देणारे यांच्या मानसिक आरोग्यात २००१ मधील एका अभ्यासाला लक्षणीय फरक आढळला नाही. आयोगाच्या सुनावणीत माणूस बहुधा एकदाच बोलतो. आठवणीकडे पुन्हा परतण्यासाठी लागणाऱ्या बैठका तेथे नसतात आणि असा उपचार करणे हे आयोगाचे कामही नव्हते.