वारेची कॅप्सूल: जुनी म्हणवली जाणारी नवी प्रथा

बाळ जन्मल्यावर साधारण अर्ध्या तासाच्या आत वार पडते. गोल, चपटी, गडद लाल आणि जेमतेम अर्धा किलो वजनाची. नऊ महिने बाळाचे फुप्फुस, मूत्रपिंड आणि आतडे या सगळ्यांची कामे हा एकच अवयव करत असतो. शिवाय आईच्या रक्तात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन अशा संप्रेरकांचा पुरवठाही तोच करतो. इटलीतले शरीररचनाशास्त्रज्ञ रियाल्डो कोलंबो यांनी 1559 मध्ये त्याला लॅटिनमधले ‘प्लॅसेंटा’ हे नाव दिले. त्या शब्दाचा अर्थ चपटा केक. नाव खाण्याच्या पदार्थाचे असले तरी ते सुचले आकारावरून.

गेल्या वीसेक वर्षांत अमेरिका, कॅनडा, ब्रिटन अशा देशांत काही बाळंतिणी ही वार घरी नेऊन तिच्या कॅप्सूल करून घेऊ लागल्या आहेत. वार धुऊन तिचे पातळ काप करतात, ते कमी आचेवर कित्येक तास वाळवतात, दळतात आणि पूड कॅप्सूलमध्ये भरतात. काही जण वाळवण्याआधी ती आले, लिंबू, मिरची घालून वाफवतात, तर काही कच्चीच वाळवतात. एका वारेच्या शंभर ते दोनशे कॅप्सूल होतात. त्या घेतल्या की मन खचत नाही, दूध भरपूर येते, थकवा जातो, अंगातले लोह भरून निघते, असे सांगितले जाते. आणि बहुतेक वेळा सोबत आणखी एक वाक्य येते: ही हजारो वर्षांची परंपरा आहे.

त्या शेवटच्या वाक्यासाठी ही टिपणी लिहीत आहे. नुकती बाळंत झालेली बाई थकलेली, हळवी आणि घाबरलेली असते. पुढ्यात आलेल्या उपायाला पूर्वजांचा आधार आहे असे कळले की तिचा निम्मा संशय गळून पडतो. म्हणून तो आधार खरा आहे का, हे तिला कळायलाच हवे.

परंपरेचा दाखला बहुधा चीनचा दिला जातो. तिथे वाळवलेली मानवी वार औषधात वापरली जात असे, हे खरेच आहे. आठव्या शतकात छन त्सांगछी या वैद्याने तिची नोंद केली. पुढे ली शिझेन यांनी 1578 मध्ये पूर्ण केलेल्या प्रचंड औषधकोशात, माणसाच्या शरीरापासून मिळणाऱ्या द्रव्यांच्या प्रकरणात तिला जागा दिली. तिचे औषधी नाव झीहचे. पण हे औषध होते कुणासाठी? क्षीण झालेल्यांसाठी, जुनाट खोकल्याने किंवा दम्याने पोखरलेल्यांसाठी, मूल होत नसलेल्यांसाठी. घेणाऱ्यांत पुरुषही असत. वार दुसऱ्या कुठल्या तरी स्त्रीची असे आणि बऱ्याचदा इतर औषधींच्या मिश्रणात पडे. बाळंतिणीने स्वतःचीच वार बाळंतपणानंतर रोज खायची, असा हा उपचार नव्हता. खुद्द चीनमध्ये 2005 साली वारेच्या खरेदी-विक्रीला बंदी आली आणि 2015 च्या सरकारी औषधसंहितेतून झीहचे वगळले गेले. जपानमध्ये 1950 च्या दशकात वारेच्या अर्काची इंजेक्शने औषध म्हणून आली. तीही परक्या वारेवर कारखान्यात प्रक्रिया करून बनवलेली, म्हणजे प्रकार पुन्हा वेगळाच.

बाकीच्या जगाचे काय? नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगास येथील शॅरन यंग आणि डॅनियल बेनिशेक या मानवशास्त्रज्ञांनी 179 मानवी समाजांची वर्णने चाळली आणि 2010 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आईने वार खाण्याची रूढ प्रथा त्यांना जवळपास कुठेच सापडली नाही. जी एकुलती एक नोंद मिळाली ती अमेरिकेतलीच आणि अलीकडच्या काळातली. अमुक टोळीच्या बायका असे करतात, अशा परक्यांनी लिहिलेल्या ऐकीव नोंदी जुन्या ग्रंथांत अधूनमधून भेटतात. पण त्या बहुतेक ‘ते लोक किती रानटी’ हे सांगण्यासाठी लिहिलेल्या असतात. बायबलमधल्या ‘अनुवाद’ (ड्यूटरोनॉमी) नावाच्या ग्रंथात वेढा पडलेल्या नगरातल्या उपासमारीचे वर्णन आहे. तिथे नाजूक वाढलेली बाई आपली वार लपवून खाते, हे संकटाच्या परमावधीचे चित्र म्हणून येते.

खाणे सापडत नाही, पण वारेविषयी आस्था मात्र जगभर सापडते. अनेक समाज ती विधिपूर्वक पुरतात. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत ‘फेनुआ’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, जमीन आणि वार. वार जमिनीत पुरली की मूल त्या भूमीशी बांधले जाते. हवाई बेटांवरही अशीच प्रथा आहे. म्हणून तिथल्या आरोग्य खात्याने 2005 मध्ये वार ‘संसर्गजन्य कचरा’ ठरवून घरी न्यायला मनाई केली तेव्हा मूलनिवासी लोक दुखावले, आणि पुढच्याच वर्षी कायद्याने तो हक्क परत मिळाला. ऑरेगन आणि टेक्सास या राज्यांनीही नंतर वार घरी नेण्याविषयी कायदे केले. अवयव आपल्या शरीराचा आहे, तो कचऱ्यात टाकायचा की नाही हे आईने ठरवावे, ही मागणी मला पूर्ण रास्त वाटते. तो हक्क मान्य करायला कॅप्सूलचा गुण सिद्ध व्हावा लागत नाही.

दुसरा आधार प्राण्यांचा. मांजर, कुत्री, उंदीर, शेळ्या, माकडे, बहुतेक सस्तन माद्या व्यायल्यावर वार खातात. उंट आणि देवमासे, सील यांसारखे जलचर हे अपवाद. बफेलो येथील विद्यापीठातले मार्क क्रिस्टल यांनी याच कोड्यावर अनेक दशके काम केले. उंदरांच्या वारेत आणि गर्भजलात असे काहीतरी असते, ज्याने शरीराची स्वतःची वेदनाशामक यंत्रणा अधिक जोमाने चालते, हे त्यांनी 1980 च्या दशकात दाखवले. हे संशोधन कॅप्सूलच्या जाहिरातीत हमखास येते. क्रिस्टल स्वतः मात्र वेगळाच प्रश्न विचारत होते: जवळपास सगळे सस्तन प्राणी हे करतात, तर माणसाने का सोडले? सोडण्यात काही फायदा होता का? यंग आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये एक तर्क मांडला. माणूस विस्तवाजवळ राहू लागला, धुरातली आणि राखेतली विषारी द्रव्ये वारेत साठू लागली, आणि ती खाणे धोक्याचे ठरले असावे. हा तर्क सिद्ध झालेला नाही. पण माणसाने ही सवय टाकली त्यामागे काही कारण असू शकते, हा विचार मला महत्त्वाचा वाटतो. शिवाय उंदरीण वार ताजी, कच्ची आणि व्याल्याक्षणी खाते. सहा आठवडे रोज दोन-दोन कॅप्सूल घेणे हा तिचा कित्ता म्हणता येत नाही.

वैद्यकानेही वारेकडे पाहिले होते, तेही दुधासाठी. 1917 आणि 1918 मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक हॅमेट यांनी वाळवलेली वार बाळंतिणींना देऊन दुधाचे घटक आणि बाळांची वाढ तपासली. 1954 साली चेकोस्लोव्हाकियातून एक अहवाल प्रसिद्ध झाला. ज्यांना दूध कमी येईल असे वाटत होते अशा 210 स्त्रियांना थंडीत सुकवलेली वार दिली होती आणि त्यांतल्या 86 टक्क्यांना फायदा झाला, असे त्यात म्हटले होते. तुलनेला गोमांस दिलेला गट होता, पण तो फारच लहान. आजच्या कसोटीवर हा प्रयोग टिकत नाही. वारेने दूध वाढते या दाव्यामागे मात्र अजूनही मुख्यतः तेवढेच आहे.

खरी सुरुवात 1970 च्या दशकात अमेरिकेत झाली, विशेषतः कॅलिफोर्नियात. त्या काळी तिथे बाळंतपण म्हणजे रुग्णालयाचा कारभार होता. बाई गुंगीत, पाय बांधलेले, नवरा दाराबाहेर, बाळ वेगळ्या खोलीत. त्याविरुद्ध घरच्या प्रसूतीची आणि सुईणींची चळवळ उभी राहिली, आणि रुग्णालय जे फेकून देते ते आपण जपायचे, ही भावना तिच्यातच रुजली. काहींनी वार शिजवून खाल्ली. वाफवून वाळवण्याच्या पद्धतीचे श्रेय बहुधा कॅलिफोर्नियातल्या सुईण रेव्हन लँग यांना दिले जाते. आज ‘पारंपरिक चिनी पद्धत’ म्हणून जी ओळखली जाते, ती हीच. चिनी वैद्यकातल्या कल्पना घेऊन ती अमेरिकेत घडली. 1998 मध्ये ब्रिटनच्या चॅनल 4 वाहिनीवर एका पाककृतींच्या कार्यक्रमात वारेचा पदार्थ करून पाहुण्यांना वाढला गेला, तेव्हा प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या आणि नियामक मंडळाने त्या मान्य केल्या. चवीची ही किळस कॅप्सूलने मिटवली. दिसत नाही, वास नाही, इतर गोळ्यांसारखीच गोळी.

2000 नंतर लास व्हेगासच्या जोडी सेलँडर यांनी हे काम व्यवसाय म्हणून उभे केले आणि इतरांना शिकवले. 2012 मध्ये जॅन्युअरी जोन्स या अभिनेत्रीने आणि 2015 मध्ये किम कार्डाशियन यांनी आपण कॅप्सूल घेतल्याचे जाहीर सांगितले. अमेरिकेत घरी किंवा प्रसूतिकेंद्रात बाळंत होण्याचे ठरवलेल्या स्त्रियांच्या 23,242 बाळंतपणांच्या नोंदी 2018 मध्ये अभ्यासल्या गेल्या, तेव्हा जवळपास एक तृतीयांश स्त्रियांनी वार कोणत्या ना कोणत्या रूपात खाल्लेली आढळली. बहुतेकींनी कारण दिले ते एकच: बाळंतपणानंतरचे नैराश्य टाळायचे होते.

या उत्तराजवळ थांबायला हवे. वार पडली की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन काही दिवसांत कोसळतात. झोप नसते, टाके दुखत असतात, आणि अशात अमेरिकेतल्या रूढ पद्धतीप्रमाणे आईची पुढची तपासणी थेट सहा आठवड्यांनी. पहिल्या तीन आठवड्यांतच तिच्याशी संपर्क व्हावा, असे तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये सांगितले. तोवर त्या मधल्या आठवड्यांत तिची विचारपूस करायला वैद्यकातले कुणी येत नसे. कॅप्सूलवाली बाई येत असे. घरी यायची, बसायची, कशी आहेस विचारायची, आणि हातात एक उपाय ठेवायची. ही प्रथा इतकी फोफावली ती मुख्यतः या रिकाम्या जागेत, असे माझे ठाम मत आहे. ज्यांनी कॅप्सूल घेतल्या त्यांना भोळ्या म्हणणे मला अन्यायाचे वाटते. भीती खरी होती आणि दुसरे कुणी ती ऐकत नव्हते.

पण उपाय तपासावा लागतोच. 2016 च्या सप्टेंबरात ऑरेगनमध्ये एक नवजात बाळ श्वासाच्या त्रासाने आजारी पडले. रक्तात ब गटाचा स्ट्रेप्टोकोकस सापडला. अकरा दिवस प्रतिजैविके देऊन ते घरी गेले आणि पाच दिवसांत त्याच जंतूने पुन्हा आजारी पडले. तेव्हा कळले की आई प्रसूतीनंतर तिसऱ्या दिवसापासून कॅप्सूल घेत होती, दोन-दोन, दिवसातून तीनदा. कॅप्सूल तपासल्या तर तोच जंतू निघाला. जनुकीय चाचणीत बाळाच्या रक्तातल्या जंतूपासून तो वेगळा ओळखता येईना. तिच्या दुधात मात्र तो मिळाला नाही. वार 46 ते 71 अंश सेल्सिअसला वाळवली होती. साल्मोनेला या दुसऱ्या एका जंतूचे प्रमाण पुरेसे खाली आणायलासुद्धा 54 अंशांवर 121 मिनिटे लागतात. जून 2017 मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने हे प्रकरण प्रसिद्ध करून कॅप्सूल टाळण्याचा सल्ला दिला आणि पुढच्या वर्षी कॅनडाच्या आरोग्य खात्यानेही इशारा दिला. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वर उल्लेख केलेल्या 23,242 नोंदींच्या अभ्यासात वार खाल्लेल्या आयांच्या बाळांना जास्त धोका दिसला नाही. म्हणजे अशी घटना विरळ आहे. पण विरळ धोकासुद्धा पत्करायचा तो काही मिळणार असेल तर.

आणि मिळते काय, हे लास व्हेगासच्या त्याच संशोधकांनी पाहिले. त्यांची मांडणी प्रामाणिक होती: काही बायकांना स्वतःच्या वारेच्या कॅप्सूल, काहींना हुबेहूब दिसणाऱ्या गोमांसाच्या, आणि कुणाला काय दिले हे ना बायकांना ठाऊक, ना संशोधकांना. 2017 मध्ये लोहाचा निकाल आला: फरक नाही. रोजच्या मोठ्यात मोठ्या मात्रेतूनही गरजेच्या फार तर चौथ्या हिश्शाएवढे लोह मिळत होते. पुढच्या वर्षी 27 स्त्रियांच्या मनःस्थितीचा आणि थकव्याचा निकाल आला. रक्तातल्या काही संप्रेरकांत किंचित बदल दिसला, पण मनःस्थितीत ठोस फरक नव्हता. स्त्रिया थोड्या होत्या, त्यामुळे हा अखेरचा शब्द नव्हे. पण आपल्याला बरे वाटले असे सांगणाऱ्या असंख्य स्त्रिया खोटे बोलत नसतात हेही इथे ध्यानात येते, कारण गोमांसाच्या कॅप्सूल घेणाऱ्याही त्याच दिवसांत सावरत होत्या.

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनपासून ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचे एक द्रव्य मोठ्या प्रमाणात तयार होते आणि मेंदूला शांत ठेवते. वार पडली की तेही घसरते. म्हणजे वारेबरोबर काहीतरी आपल्याला सोडून जाते, ही बायकांची जाणीव चुकीची नव्हती. मार्च 2019 मध्ये अमेरिकेत बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर ब्रेक्सॅनोलोन हे औषध मंजूर झाले. हे तेच द्रव्य, रुग्णालयात 60 तास शिरेतून द्यायचे. तोंडाने घेतले तर ते फारसे रक्तात पोहोचत नाही, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना थोडी बदलली. त्यातून आलेले झुरानोलोन ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झाले. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी मान्यता मिळालेली ती पहिली गोळी आहे, रोज संध्याकाळी जेवणाबरोबर, चौदा दिवस.