उंचीनुसार बदलणारा हवेचा दाब

हवेला वजन असतं हे पटकन पटत नाही, पण आपल्या डोक्यावर कित्येक किलोमीटर जाडीचा हवेचा थर आहे आणि त्याचं ओझं समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलो भरतं. यालाच हवेचा दाब म्हणतात, सरासरी १०१३ हेक्टोपास्कल (हे दाब मोजायचं एकक) किंवा ७६० मिलिमीटर पारा, म्हणजे नळीत तेवढ्या उंचीचा पारा तोलून धरेल इतका. वर जाऊ तसा डोक्यावरचा थर कमी होतो, म्हणून दाबही कमी.

हा दाब एकसारखा उतरत नाही. लग्नघरात गाद्यांची चवड रचलेली असते ना, तिच्यात सगळ्यात खालची गादी सगळ्यात जास्त दबलेली असते, हवेचंही तसंच, त्यामुळे खाली दाब भराभर बदलतो (दर ८-९ मीटरला एक हेक्टोपास्कल) आणि वर हळूहळू. पुण्यात दाब साडेनऊशे हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, आणि साडेपाच हजार मीटरवर समुद्रसपाटीच्या निम्मा होतो.

फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कलने सांगितल्यावरून त्याचा मेहुणा फ्लोरँ पेरिए १९ सप्टेंबर १६४८ ला पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधला प्युई द दोम डोंगर चढला. हा डोंगर १,४६५ मीटरचा, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटपेक्षा (१,४३९ मीटर) थोडासाच उंच. वर पारा जवळपास ८ सेंटीमीटर खाली आला, आणि पायथ्याशी ठेवलेल्या दुसऱ्या नळीवर दिवसभर एक माणूस नजर ठेवून होता तिथे तो हललाही नाही. ही दुसरी नळी मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळेच फरक हवामानाचा नाही, उंचीचाच आहे हे पक्कं झालं.

घाटात कानाला दडे बसतात ते यामुळेच. कानाच्या पडद्यामागे हवा असते आणि ती घशाला जोडलेल्या बारीक नळीतून ये-जा करते. चढताना आतली हवा सहज बाहेर पडते पण उतरताना नळी चिकटून बसते, म्हणून त्रास उतरताना जास्त, सर्दी असेल तर विचारूच नका. आवंढा गिळला, जांभई दिली की नळी उघडते आणि टक् आवाज येऊन कान मोकळा होतो. विमान उतरताना तान्ह्या बाळाला दूध पाजायला सांगतात ते याचसाठी.

महाबळेश्वरला पाण्याची बाटली रिकामी करून झाकण घट्ट लावा आणि पसरणी घाट उतरून मुंबईपर्यंत या, बाटली चेपलेली दिसेल. कोणी दाबलेली नसते, आत वरची विरळ हवा आणि बाहेर खालची दाट हवा. वेफर्सच्या पुड्याचं उलटं, खालून वर नेला की फुगून टम्म होतो.

स्वयंपाकात तर हे रोजचंच. दाब कमी तसं पाणी कमी तापमानाला उकळतं, ढोबळमानाने दर ३०० मीटरला एक अंश कमी. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, पातेल्यात वरण रटरटताना दिसतं पण डाळ बोटाने दाबली तर आत कडकच, आणि गॅस मोठा केला तरी पाणी जास्त तापत नाही, नुसतं आटतं. तिथे कुकर लागतोच. पण कुकरची शिट्टी बाहेरच्या दाबावर ठरावीक दाब वाढवते, बाहेरचाच कमी असल्यामुळे आतलं तापमानही खालच्यापेक्षा थोडं कमीच राहतं, म्हणून एक-दोन शिट्ट्या जास्त घ्याव्या लागतात.

श्वासाच्या बाबतीत एक गैरसमज फार ऐकू येतो की वर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं. प्रमाण तेच असतं, २१ टक्के, पण हवाच विरळ असल्यामुळे एका श्वासात कमी मिळतो. अडीच हजार मीटरच्या वर डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं सुरू होऊ शकतं, ट्रेकिंगची सवय असलेल्या धडधाकट माणसालाही. म्हणून विमानाने थेट लेहला गेलात तर पहिले दोन दिवस खरंच आराम करा, आणि त्रास वाढतोय असं वाटलं तर आणखी वर जाऊ नका, खाली उतरा.