माकडताप: विषाणू रक्तात सापडतो ते मोजके दिवस

दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यात काजूच्या हंगामात कुणी तापाने फणफणून आरोग्य केंद्रात आला, की पहिला प्रश्न ठरलेला: "ताप कधीपासून इलो?" त्यावर "दोन-चार दिवस झाले असतील" एवढंच मोघम उत्तर मिळालं तर तिथेच निदान अर्धं हुकतं. माकडताप म्हणजे रानातल्या गोचिडीच्या चाव्यातून लागणारा ताप; त्याचा विषाणू रक्तात फार दिवस राहत नाही आणि कुठली तपासणी कधी करायची हे तापाच्या पहिल्या तारखेवर ठरतं. ही तारीख इतकी महत्त्वाची का, हे समजायला साठ-सत्तर वर्षं मागं जावं लागतं.

1957 च्या उन्हाळ्याच्या तोंडावर तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडू लागली. पाठोपाठ आसपासच्या गावांत माणसांना ताप येऊ लागला. पुण्यात 1952 साली रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने विषाणू संशोधन केंद्र उभं राहिलं होतं. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणजे एनआयव्ही ती हीच. तिथली टेल्फर्ड वर्क, हॅरोल्ड ट्रॅपिडो ही मंडळी जंगलात पोचली. सुरुवातीला धास्ती होती पीतज्वराची. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत तो माकडांत आणि माणसांत दोन्हीकडे आढळतो आणि आशियात तो तोवर शिरला नव्हता. मेलेल्या माकडांतून आणि आजारी माणसांच्या रक्तातून विषाणू वेगळा केल्यावर कळलं की हा पीतज्वर नव्हे. रशियातल्या गोचिडीतून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूंचा हा जवळचा नातलग निघाला. जंगलाच्या नावावरून त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणू लागले. आपल्याकडे माकडताप हेच नाव रुळलं.

हे नाव थोडं फसवं आहे. माकड या रोगाचा कारखाना नाही, तेही बिचारं त्याचा बळीच. विषाणू फिरतो तो हिमॅफायसॅलिस स्पिनिजेरा या गोचिडीतून. माकडाला लागण झाली की त्याच्या रक्तात विषाणूचं प्रमाण खूप वाढतं, अंगावरच्या गोचिडी ते रक्त पिऊन संसर्गित होतात आणि माकड मेलं की कलेवर सोडून आसपासच्या पाल्यात उतरतात. माणसाकडून माणसाला हा ताप लागत नाही. घरात आजारी असलेल्याजवळ जायला लोक घाबरतात, म्हणून हे ठासून सांगायला हवं.

त्या काळी रक्तातला विषाणू शोधायची रीत म्हणजे रुग्णाचं रक्त उंदराच्या तान्ह्या पिल्लांच्या मेंदूत टोचायचं आणि ती आजारी पडतात का ते रोज पाहायचं. दुसरा मार्ग प्रतिपिंडांचा, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर तयार करतं त्या प्रथिनांचा. आजाराच्या सुरुवातीला एक आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरा असे दोन नमुने घ्यायचे आणि प्रतिपिंडांचं प्रमाण चौपट वाढलं का ते मोजायचं. उत्तर येईपर्यंत माणूस एकतर बरा झालेला असायचा किंवा गेलेला. शिवाय डेंग्यू, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाइल हे सगळे याच फ्लॅव्हिव्हायरस कुळातले, त्यामुळे एकासाठी तयार झालेले प्रतिपिंड दुसऱ्याच्या तपासणीतही थोडेफार 'हो' म्हणतात. ही अडचण आजही पुरती सुटलेली नाही. त्यातच हा विषाणू प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही लागला, म्हणून जिवंत विषाणूवरचं काम मोजक्याच ठिकाणी होत राहिलं.

1971 मध्ये स्टॉकहोमच्या एंगव्हाल आणि पर्लमान यांनी एलायझाची, म्हणजे रंग बदलण्यावरून प्रतिपिंड ओळखायची पद्धत मांडली, 1983 मध्ये कॅरी मुलिस यांना पीसीआरची, म्हणजे जनुकीय धाग्याच्या असंख्य प्रती काढून तो शोधायची कल्पना सुचली. एचआयव्ही, कावीळ ब, डेंग्यू यांच्या तपासण्या या दोन वाटांनी जगभर बदलून गेल्या. माकडतापाच्या वाट्याला ही साधनं उशिरा आली, कारण तो बरीच दशकं कर्नाटकातल्या काही जिल्ह्यांचाच आजार मानला जायचा. 2012 मध्ये एनआयव्हीने नेस्टेड आरटी-पीसीआर, रिअल-टाइम आरटी-पीसीआर (विषाणूचं आरएनए शोधायचे पीसीआरचे दोन प्रकार) आणि आयजीएम एलायझा (लागणीनंतर आधी तयार होणारे आयजीएम प्रतिपिंड शोधणारी) या तिन्ही तपासण्या प्रसिद्ध केल्या. वेळ अगदी नेमकी साधली गेली. 2012-13 च्या हंगामात बंदीपूर, निलगिरी आणि वायनाडकडे विषाणू दिसला, 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 च्या सुरुवातीला तिळारीच्या अंगाच्या दोडामार्ग तालुक्यात केर गावी. पुढच्या वर्षी बांदा परिसर. तपासणी हाताशी होती म्हणून तो ओळखता आला. त्याआधी कुणा कोकणी माणसाचा ताप 'डेंग्यूसारखा' म्हणून नोंदला गेला असेल, तर ते आता शोधायची सोय नाही.

कोकणात हा ताप डिसेंबर ते मे का दिसतो, तर गोचिडीची पिल्लं म्हणजे निम्फ याच काळात सर्वांत जास्त असतात. खसखशीच्या दाण्याएवढी ही पिल्लं चावल्याचं अनेकदा कळतही नाही. नेमकी याच दिवसांत आपली रानातली कामं असतात: भाजावळीसाठी (भाताच्या रोपांची जागा भाजायला) पातेरा म्हणजे वाळका पाला गोळा करणं, कवळ म्हणजे पाल्याच्या फांद्या तोडणं, लाकूडफाटा आणणं आणि फेब्रुवारीपासून काजूच्या बिया वेचणं. बोंडू गळून पडलेल्या झाडाखाली, वाळल्या पाल्यात तासन्‌तास वाकून किंवा बसून काम चालतं. गोव्यातल्या काजूबागांत काम करणाऱ्यांना याच कामातून लागण झाल्याचं अभ्यासातून पुढे आलेलं आहे. रानात गोचिडी किती आहेत हे पाहायला कीटकशास्त्र पथक पांढरं फ्लॅनेलचं कापड पातेऱ्यावरून सावकाश ओढतं. त्याला चिकटलेल्या गोचिडी गोळा करून त्यांचीही पीसीआर करता येते.

चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांत ताप एकदम चढतो. कपाळ ठणकतं, पाठ आणि पोटऱ्या पिळवटतात, डोळे लाल होतात. रक्ताच्या साध्या तपासणीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स दोन्ही कमी दिसतात, आणि इथेच सगळं डेंग्यूसारखं भासतं. तापाच्या पहिल्या आठवड्यात, फार तर दहाएक दिवस, रक्तात विषाणूचं आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय धागा, पुरेसं असतं. तेव्हा आरटी-पीसीआर करायची. चौथ्या-पाचव्या दिवसापासून आयजीएम प्रतिपिंड दिसू लागतात आणि काही महिने टिकतात. दुसऱ्याच दिवशी केलेली आयजीएम निगेटिव्ह आली म्हणून रोग नाही असं होत नाही. तसंच तिसऱ्या आठवड्यातली पीसीआर निगेटिव्ह आली म्हणून रोग झालाच नव्हता असंही नाही. चौथ्या ते दहाव्या दिवसांत दोन्ही एकदम केलेल्या बऱ्या. आणि आयजीएम एकटीच पॉझिटिव्ह असेल, तर त्याच नमुन्यावर डेंग्यूची आयजीएमही करून दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहावेत.

नमुना बिघडतो तो बहुतेक वेळा प्रयोगशाळेत पोचायच्या आधी. मोठ्या माणसाचं चार-पाच मिली रक्त साध्या, लाल टोपणाच्या नळीत घ्यायचं. अर्धा तास खोलीच्या तापमानाला उभं ठेवून गुठळी होऊ द्यायची, मग सेंट्रिफ्यूज करून म्हणजे यंत्रात गरगर फिरवून सीरम, म्हणजे वरचं पिवळसर पाणी, वेगळं काढायचं. पेशींसकट नळी थेट बर्फाला टेकवली तर तांबड्या पेशी फुटतात आणि लाल झालेलं सीरम पीसीआरला अडथळा करतं. हिरव्या टोपणाची, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची नळी पीसीआरसाठी वापरू नये, हेपॅरिन ती अभिक्रियाच दाबून टाकतं. सीरम 2 ते 8 अंशांवर ठेवून एक-दोन दिवसांत पोचवायचं. उशीर होणार असेल तर उणे 70 अंशांवर गोठवायचं, पण पुन्हा पुन्हा वितळवून गोठवायचं नाही. नळी, तिच्याभोवती शोषक कापूस, गळणार नाही असा डबा आणि बाहेर शीतपेटी अशी तिहेरी बांधणी लागते. फॉर्मवर ताप सुरू झाल्याची तारीख, नमुन्याची तारीख, वाडीचं नाव, रानात गेल्याचा आणि मेलेलं माकड दिसल्याचा उल्लेख, पूर्वी घेतलेली लस हे सगळं लिहायचं. तारखेची जागा कोरी असली तर प्रयोगशाळेतल्या माणसाला निकालाचा अर्थच लावता येत नाही.

एलायझाच्या एका प्लेटला 96 खाच्या. त्यातल्या काही नियंत्रण नमुन्यांसाठी, म्हणजे निकाल पडताळायच्या आधीच माहीत असलेल्या नमुन्यांसाठी जातात, आणि चार-दोन नमुन्यांसाठी प्लेट लावणं परवडत नाही म्हणून पुरेसे नमुने जमेपर्यंत थांबावं लागतं. दूरच्या प्रयोगशाळेतून निकाल उशिरा येतो त्याचं हेही एक कारण. म्हणून बॅटरीवर चालणाऱ्या, चिपवरच्या ट्रूनॅट पीसीआरमध्ये माकडतापाची तपासणी आली हे मोलाचं आहे. तिथे एकेक नमुना येईल तसा तासा-दोन तासांत तपासता येतो.

निकाल येईपर्यंत उपचार थांबवायचे नसतात. विषाणूवर खास औषध नाही. सलाईन, पॅरासिटामॉल आणि प्लेटलेट्सवर लक्ष एवढंच हातात असतं. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन ही रक्तस्राव वाढवणारी औषधं टाळायची. मलेरियाची तपासणी त्याच दिवशी उरकावी. लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस आपल्याकडे मुख्यतः भातलावणीचा पाहुणा, पण ओढ्या-पाटात काम झालं असेल तर उन्हाळ्यातही तो मनात धरावा, कारण तो जिवाणू आहे आणि त्याला वेळेवर दिलेलं प्रतिजैविक लागू पडतं.

दहातल्या एक-दोन रुग्णांना ताप उतरल्यावर आठवडा-दोन आठवडे बरं वाटतं आणि मग तो पुन्हा उलटतो. या खेपेला मान आखडणं, हातपाय थरथरणं, बरळणं दिसतं. तोवर रक्तातून विषाणू बहुधा निघून गेलेला असतो, पीसीआर काही सांगत नाही. आयजीएम करायची आणि फॉर्मवर तारीख लिहायची ती पहिल्या तापाची.