मालिशने लॅक्टिक अॅसिड निघून जातं का?

श्रावणात त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी घालून आलं की दुसऱ्या दिवशी पाय ठणकतात आणि कुणीतरी सांगतंच, "लॅक्टिक अॅसिड साचलंय, मालिश करून घे." नाशिकमध्ये मसाज थेरपीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या वह्यांतही हे वाक्य उतरवलेलं असतं. ते खोडून टाका.

व्यायाम थांबला की रक्तातलं वाढलेलं लॅक्टेट (लॅक्टिक अॅसिड शरीरात याच रूपात असतं) साधारण तासाभरात पूर्ववत होतं. हृदय ते इंधन म्हणून वापरतं, यकृत त्याची पुन्हा साखर करतं. पाय मात्र सर्वात जास्त दुखतात २४ ते ७२ तासांनी, म्हणजे काढायला काही उरलेलंच नसताना! उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, तंतूंना सूक्ष्म इजा होते, मग दाह. दुखणं त्याचं.

कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाच्या २०१० सालच्या प्रयोगात तर मूठ आवळण्याच्या व्यायामानंतर लगेच केलेल्या मालिशने रक्तप्रवाह अडला आणि लॅक्टेट हटणं उलट मंदावलं.

मालिश निरुपयोगी आहे, असं मुळीच नाही. दुखणं थोडं कमी होतं, बरं वाटतं. उत्तरात तेवढंच लिहा. पोटरीवर हात घोट्याकडून गुडघ्याकडे न्या, पण गुडघ्यामागच्या खोलगट भागात दाब नको, तिथे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांच्यावर स्नायूंचा आडोसा नसतो. आणि एकच पोटरी सुजलेली, गरम लागत असेल तर हातच लावू नका. शिरेत गुठळी असू शकते, आधी डॉक्टरकडे पाठवा.